क्रूझचं बुकिंग रविवारच्या आत करायचं का?

पत्र असं आहे:

"ताई, आम्ही देवगड तालुक्यातले. फेब्रुवारीत आमच्या लग्नाला ३५ वर्षं होतायत, तर पुण्याचा मुलगा आणि सूनबाई आम्हाला क्रूझवर नेणार म्हणतायत. मुंबईहून लक्षद्वीप, पाच रात्री. सोबत सासूबाई, वय ७६, गुडघ्यांचं दुखणं आहे, आणि चार वर्षांची नात. मला एसटीने फोंडा घाट चढतानासुद्धा उलटी होते. ह्यांचं म्हणणं, समुद्र दारात असताना त्याच्यासाठी एवढे पैसे कोण घालवतं. ह्यांनी लहानपणी आगबोटीचा प्रवास केलाय, त्यामुळे बोट म्हटलं की ह्यांना गर्दी आणि ओकाऱ्याच आठवतात. सासूबाई काही बोलत नाहीत, फक्त मधूनमधून रामदास बोटीची गोष्ट काढतात. एजंट म्हणतो ऑफर रविवारपर्यंतच आहे. मुलाचं मन मोडायचं नाहीये. काय करू? नाव छापू नका."

ताई, नाव छापत नाही. आणि पहिलं म्हणजे ती रविवारची धास्ती डोक्यातून काढा. क्रूझच्या ऑफरा दिवाळीला येतात, नाताळात येतात, नवीन वर्षाला येतात आणि जहाज भरत नसेल तर आदल्या आठवड्यातही येतात. फेब्रुवारीतल्या शनिवार-रविवारच्या चांगल्या खोल्या लवकर जातात हे खरं आहे, ते मी नाकारत नाही, पण म्हणून सहा माणसांचे पैसे कागद न वाचता भरायचे असं नाही ना. एजंट घाई करतो ते त्याचं कामच आहे, तुम्ही घाई करायची की नाही ते तुमचं.

आता तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला कुठली वाटली सांगू? सासूबाई रामदास बोटीची गोष्ट काढतात ती. अहो, हे न बोलणं नाहीये, बोलणंच आहे. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायका "मला नाही यायचं" असं सरळ कधी म्हणतात का, त्यातून नातवाने हौसेने ठरवलेलं असताना? १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेच्या वर माणसं गेली, त्यांच्या जन्माच्या थोडंसं आधीचंच हे, लहानपणभर घराघरात तेच ऐकलेलं असणार. त्यांना समजावताना "आत्ताची बोट बुडत नाही हो" एवढं म्हणून भागणार नाही. रामदास ही छोटी बोट होती, ऐन पावसाळ्यात निघाली होती आणि तेव्हा वायरलेससुद्धा नव्हता तिच्यावर. आत्ता जहाज निघायच्या आधी किंवा निघाल्या निघाल्या प्रत्येक प्रवाशाला लाइफ जॅकेट कसं घालायचं, भोंगा झाला की कुठे जमायचं ते दाखवावंच लागतं. हा नियम कडक झाला तो इटलीत जानेवारी २०१२ ला कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आदळून ३२ माणसं गेली त्याच्यानंतर, कारण त्या दिवशी चढलेल्या शेकडो लोकांची ती कवायत झालेलीच नव्हती. हे त्यांना शांतपणे सांगा, आणि मग विचारा, "तुम्हाला यावंसं वाटतंय का?" नको म्हणाल्या तर ते नको मान्य करा. नणंदेकडे चार दिवस राहायला पाठवलंत तर कदाचित त्यांना जास्त आनंद होईल आणि तुम्हालाही.

त्या येतो म्हणाल्या तरी लक्षद्वीपची पाच रात्रींची ट्रिप मी तुमच्या घराला सुचवणार नाही, आणि त्याचं कारण पैसे नाहीत, कारण उतरण्याचं आहे. त्या बेटांभोवती प्रवाळाचा कडा आणि आत उथळ पाणी, एवढं मोठं जहाज आत जाऊच शकत नाही. ते बाहेर खोल पाण्यात उभं राहतं आणि तिथून माणसं छोट्या बोटीत उतरवून किनाऱ्याला नेतात. भावोजींना विचारा, त्यांना चटकन कळेल, आगबोट बऱ्याच बंदरांत बाहेरच उभी राहायची आणि पडाव यायचे तसंच हे. जहाज आपल्या लयीत हलतंय, खालची बोट तिच्या लयीत, मधे एक पाऊल टाकायचं, खलाशी दोन्ही दंडांना धरतात पण पाऊल आपलं आपल्यालाच टाकायचं असतं. ७६ वर्षांच्या दुखऱ्या गुडघ्यांनी ते करायचं, परत येताना तेच करायचं, आणि व्हीलचेअर घेऊन तर बऱ्याच वेळा त्या बोटीत चढवतच नाहीत. दुसरं म्हणजे लाटा जास्त असल्या तर कॅप्टन उतरणंच रद्द करतो, बरोबरच करतो, पण मग पाच रात्रींच्या ट्रिपचं मुख्य आकर्षण दुरून बघून परत यायचं आणि त्याचे पैसे परत मिळत नाहीत. बुकिंगच्या अटींत लिहिलेलंच असतं की हवामान किंवा सुरक्षेसाठी मार्ग बदलण्याचा हक्क कंपनीचा. शिवाय लक्षद्वीपला बाहेरच्या माणसाला परमिट लागतं, ते कंपनी काढून देते की आपण काढायचं आणि कुठली कागदपत्रं किती दिवस आधी द्यायची हे एजंटला लेखी विचारा. फोनवर "होऊन जाईल मॅडम" म्हणाला तर ते उत्तर धरू नका.

त्यापेक्षा मुंबई-गोवा-मुंबईसारखी दोन-तीन रात्रींची ट्रिप बघा, जिथे जहाज धक्क्याला लागतं. गोव्यात ते मुरगावला लागतं, तिथे शिडीवरून, बऱ्याचदा रॅम्पवरून, चालत उतरता येतं आणि नकोसं वाटलं तर सासूबाई जहाजावरच बसून राहू शकतात. आता तुम्ही म्हणाल, देवगडच्या माणसाने गोवा बघायला मुंबईला जाऊन जहाजात बसायचं? हसतील लोक. हसू दे, पण नेमकं तेच समजून घ्या. क्रूझवर पैसे गोव्याचे नसतातच. मुरगावहून पणजी गाठेपर्यंत पाऊण-एक तास जातो, ट्रॅफिक असेल तर जास्त, आणि परत वेळेत चढायचं असतं, त्यामुळे गोवा बघणं होतच नाही. पैसे जहाजावर राहण्याचे असतात. पोहण्याचा तलाव, संध्याकाळचे कार्यक्रम, चारीठाव खाणं, कोणी स्वयंपाक करायला उठवत नाही हे सुख, आणि घरातली सगळी माणसं दोन दिवस एका जागी, कोणाला ऑफिसचा फोन नाही. हे हवं असेल तर क्रूझ पैसा वसूल आहे. शांतपणे समुद्र बघायचाय, नवीन गाव बघायचंय, असं असेल तर भावोजी म्हणतात ते सोळा आणे बरोबर आहे. रात्री जहाज किनाऱ्यापासून बरंच लांबून जातं, रेलिंगला उभं राहून आपला विजयदुर्ग दिसेल, आपलं दीपगृह दिसेल अशी आशा धरून जाऊ नका, बहुतेक वेळ काळोख असतो.

आणि गर्दी. भावोजींना गर्दीचा त्रास होत असेल तर आधीच सांगून ठेवा की इथेही गर्दी असते, फक्त एसीत असते. आत्ता मुंबईहून नियमित जाणारं जे जहाज आहे, कॉर्डेलियाचं एम्प्रेस, ते १९९० सालचं, आधी रॉयल कॅरिबियनकडे होतं, आणि पूर्ण भरलं तर दीड हजाराच्या वर प्रवासी असतात त्याच्यावर. नाश्त्याला बुफेच्या लाइनीत उभं राहावं लागतं. डीजे उशिरापर्यंत चालतो. कंपनीच्या मीटिंगा आणि ऑफिसांचे ग्रुप पण असतात, शनिवार-रविवारी तर असतातच. शक्य असेल तर आठवड्याच्या मधली तारीख घ्या, स्वस्तही पडते.

बिलाचं बोलू, कारण इथेच माणसं फसतात. जाहिरातीतला आकडा एका माणसाचा असतो, तोही एका खोलीत दोघं धरून, आणि साधारणपणे सगळ्यात स्वस्त म्हणजे आतल्या बिनखिडकीच्या खोलीचा. त्याच्यावर पोर्ट चार्जेस, जीएसटी, आणि ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरचाकरांची बक्षिशी, जी माणशी दर रात्रीची लावतात, नातीचीही लावतात का ते विचारा. जेवण बहुतेक सगळं धरलेलं असतं पण "स्पेशालिटी" नावाचं रेस्टॉरंट असतं त्याचे पैसे वेगळे. दारू वेगळी. दारूचं पॅकेज घेतलंत तर काही कंपन्या खोलीतल्या सगळ्या मोठ्या माणसांना घ्यायलाच लावतात, म्हणजे मुलाला दोन बिअर प्यायच्यात म्हणून सूनबाईंनीही पॅकेज घ्यायचं. वायफाय वेगळं, किनाऱ्यावरची सहल वेगळी, फोटो वेगळे, ते फोटोवाले तर जहाजात पाय टाकता टाकताच क्लिक करतात आणि मग भिंतीवर लावून ठेवतात, नातीचा गोड फोटो दिसला की घेतलाच जातो, त्यांना माहितीये. हे सगळं खोलीच्या कार्डावर चढत जातं आणि शेवटच्या दिवशी सकाळी कागद हातात येतो. जहाज लांब गेलं की कसिनोही उघडतो, तिकडे कोण वळतंय ते घरच्या घरी बघा. मुलाला म्हणावं, एजंटकडून सहा जणांचा सगळा मिळून एकच आकडा ईमेलवर माग, आणि त्याच ईमेलमध्ये किती दिवस आधी रद्द केलं तर किती कापणार तेही माग. सासूबाईंच्या तब्येतीचा भरवसा नाही तेव्हा दुसरा आकडा पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे.

खोली. बाल्कनी बाल्कनी करतात सगळे, पण तुम्हाला गाडी लागते ना, मग तुमच्यासाठी जागा महत्त्वाची, बाल्कनी नाही. जहाजाचा मधला भाग आणि खालचा मजला, तिथे हलणं सगळ्यात कमी जाणवतं. पुढच्या टोकाला आणि वरच्या मजल्यावर सगळ्यात जास्त, आणि गंमत म्हणजे महागड्या खोल्या बऱ्याचदा वरच असतात. त्यामुळे मधली, खालची, खिडकीवाली घ्या. "गॅरंटी" म्हणून स्वस्तात देतात त्यात खोली कंपनी निवडते, ती तुम्हाला नको. तिसरा-चौथा माणूस खोलीत घातला तर तो भिंतीतून खाली येणाऱ्या वरच्या बर्थवर शिडी चढून झोपतो. एकाच खोलीत चौघं कोंबून पैसे वाचवायचा मोह होईल, पण आतमध्ये दोन बॅगा उघडल्या की पाय ठेवायला जागा उरत नाही. सासूबाईंना बाथरूमच्या दाराशी उंबरा असतो तो सांगून ठेवा, जहाजांवर असतोच, रात्री अर्धवट झोपेत ठेच लागते. जवळ धरायला दांडा आहे का आणि लिफ्टपासून खोली किती लांब आहे हेही विचारा, कॉरिडॉर लांबच लांब असतात.

आता तुमचं लागणं. घाटात लागतं म्हणजे जहाजावर लागेलच असं नाही, पण तुमच्यासारख्यांना शक्यता जास्त हे मान्य करून तयारीने जायचं. होतं काय, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतोय आणि डोळ्यांना तर समोरची भिंत स्थिर दिसते, मेंदूचा गोंधळ उडतो आणि पोट ढवळतं. म्हणून मळमळायला लागल्यावर खोलीत जाऊन मोबाइल बघत पडणं हे सगळ्यात वाईट, उघड्या डेकवर येऊन लांब जिथे पाणी आणि आभाळ मिळतं तिकडे बघत बसायचं. मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात त्यामुळे बाजूला डुलणं बरंच कमी होतं, आगबोटीशी तुलना नको. अव्होमिनसारखी गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग कमी, निघायच्या आधी तास-दोन तास घ्यावी लागते, आणि तिने गुंगी येते. तुमच्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. सासूबाईंना तर अजिबात स्वतःच्या मनाने देऊ नका, म्हाताऱ्या माणसांचा त्याने तोल जातो, आणि बीपी-बिपीच्या गोळ्या चालू असतील तर आधी विचारणं आलंच. नातीलाही तसंच. बाकी आलेपाक जवळ ठेवा, उपाशी राहू नका आणि पहिल्या दिवशी बुफेवर तुटून पडू नका. मालवणहून किल्ल्यावर होडीने जाऊन "बघू लागतंय का" अशी परीक्षा घ्यायची कल्पना कोणीतरी देईल, तिचा उपयोग नाही, होडीचं हलणं वेगळं आणि जहाजाचं संथ झुलणं वेगळं.

महिना तुम्ही चांगला धरलाय. फेब्रुवारीत समुद्र बरा असतो, दुपारनंतर वारा चढतो तेवढंच, ते तुम्हाला मी काय सांगणार. पण कोणी म्हणालं की मे महिन्यात सुट्टी आहे तेव्हा जाऊ किंवा दिवाळीच्या आसपास स्वस्त आहे, तर दहा वेळा विचार करा. आपल्या बाजूच्या समुद्रात वादळं पावसाळ्याच्या तोंडावर आणि पावसाळा संपताना येतात. क्यार ऑक्टोबर २०१९ मधलं, निसर्ग ३ जून २०२० चं, तौक्ते मे २०२१ मधलं, देवगडात काय झालं ते तुम्ही डोळ्यांनी बघितलंय. जून-जुलैत तर आपले मच्छीमारसुद्धा बंदीमुळे बोटी वर ओढून बसलेले असतात.

लक्षद्वीप नको म्हटलं की एजंट सिंगापूरचं पिल्लू सोडेल बघा. तिकडची जहाजं नवी आणि मोठी असतात यात शंका नाही, पण विमान, व्हिसा, सासूबाईंचा पासपोर्ट, तोही परतीच्या तारखेनंतर सहा महिने चालणारा, परदेशी पॅकेजवर घेतला जाणारा टीसीएस नावाचा आगाऊ कर, जो इन्कम टॅक्सचं रिटर्न भरताना हिशोबात धरला जातो पण आत्ता तर खिशातून जातोच, आणि जहाज मधे दुसऱ्या देशात जाऊन परत येणार असेल तर व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा शिरायचा लागतो. पहिल्याच क्रूझला एवढा पसारा नको.

इन्शुरन्स काढा, त्यात सासूबाईंचे आधीचे आजार लिहा, लपवलेत तर क्लेम अडकतो. जहाजावर डॉक्टर असतो पण त्याची फी भरमसाठ असते, रोजची औषधं दोन दिवस जास्तीची घ्या आणि हातातल्या पिशवीत ठेवा, मोठी बॅग खोलीवर यायला संध्याकाळ होते. किनारा मागे पडला की फोनची रेंज जाते आणि मग फोन जहाजाच्या सॅटेलाइट नेटवर्कला चिकटला तर रोमिंगचं बिल बघून भावोजी खरंच ओकतील, तेव्हा सगळ्यांचे फोन फ्लाइट मोडवर. बुफेच्या आधी हात साबणाने धुवा, नुसतं सॅनिटायझर चोळून जहाजांवर पसरणारी जुलाब-उलट्यांची साथ थांबत नाही.

खाण्याचं म्हणाल तर शाकाहारी, जैन सगळं व्यवस्थित मिळतं, पनीर तर इतकं मिळतं की विचारू नका. पण बांगड्याचं तिखलं मिळेल ही अपेक्षा ठेवू नका. समुद्रावर तरंगत असताना ताटात मासा म्हणजे पांढऱ्या सॉसमधला बिनकाट्याचा तुकडा, आपल्या माणसाला रडू येतं. घरचं शिजवलेलं खाणं, तळलेले मासे, सुकट वगैरे चढू देत नाहीत, आणि इस्त्री, किटली, सुरी तर स्कॅनरमध्येच काढून ठेवतात. बंद पाकिटातला कोरडा खाऊ चालतो का ते कंपनीच्या यादीत बघून घ्या, नातीसाठी लागेल.

मुंबईला एक दिवस आधी पोचा, हे तर मी हात जोडून सांगते. कणकवलीहून रात्रीची कोकणकन्या धरून पहाटे सीएसएमटी, तिथून बॅलार्ड पिअर टॅक्सीने जवळच, दुपारी जहाज, कागदावर छान दिसतं. पण गाडी लेट झाली किंवा महामार्गावर कुठे ट्रक आडवा झाला तर जहाज थांबत नाही, चढायची वेळ सुटण्याच्या बरीच आधी बंद होते आणि पैसे बुडतात. मुंबईत कोणी ना कोणी असेलच की, लालबागला नाहीतर डोंबिवलीला, आदल्या रात्री तिथे टेका. गोव्यात उतरून स्वतः टॅक्सी करून फिरलात तरी हाच नियम, परतीच्या वेळेच्या दोन तास आधी मुरगावकडे तोंड करा.

राहिलं मुलाचं मन. ते मोडत नाही हो असं. "आम्हाला क्रूझ नको" म्हणू नका, "लक्षद्वीप आजीला झेपणार नाही, दोन रात्रींची घेऊ, उरलेल्या पैशात मधली चांगली खोली घेऊ" असं म्हणा. त्याला तुम्हाला काहीतरी द्यायचंय, ते तुम्ही घेताय, फक्त मापाचं मागताय. आणि भावोजींना अजूनही यायचं नसेल तर त्यांना सगळ्यांसमोर विचारू नका, पोरासमोर माणूस हट्टाला पेटतो, रात्री जेवणं झाल्यावर विचारा. पस्तीस वर्षांत तुम्हाला त्यांची नाही कधी नाही असते आणि कधी हो असते ते माझ्यापेक्षा चांगलं कळत असेल.

सासूबाईंशी मात्र आजच बोला, त्यांचं उत्तर कळल्याशिवाय किती खोल्या तेच ठरणार नाही. मग मुलाला फोन. एजंटचा फोन रविवारी येईलच, तो मुलालाच घेऊ दे.